अर्धी इटली ज्याच्यासाठी रस्त्यावर उभी राहायची, त्या फाउस्तो कोप्पीला शेवटी एका डासाने हरवलं

तारीख होती १० जून १९४९. इटलीतल्या कुनेओ गावातून पिनेरोलो गावाकडे सायकलपटूंचा ताफा निघाला होता. अंतर २५४ किलोमीटर आणि वाटेत आल्प्सचे पाच घाट.

पहिल्याच घाटात एका गड्याने ताफा सोडला आणि पुढे सटकला. उरलेले १९२ किलोमीटर त्याने एकट्याने काढले.

त्या काळी इटलीत टीव्ही आलेला नव्हता, त्यामुळे लोक रेडिओला कान लावून बसलेले. समालोचकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं, की एकच माणूस पुढे आहे, त्याची जर्सी पांढरी-आकाशी आहे आणि त्याचं नाव फाउस्तो कोप्पी आहे. रेडिओवरचं ते वाक्य आजही इटलीत पाठ असलेली माणसं सापडतात.

दुसरा नंबर आला तो जवळपास १२ मिनिटांनी. आणि तो दुसरा म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता, तो होता जिनो बार्ताली.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये तू कुणाचा फॅन यावरून मित्रांत जशी भांडणं लागतात, तशी त्या काळच्या इटलीत कोप्पी की बार्ताली यावरून घराघरात लागायची. बाप बार्तालीवाला, पोरगा कोप्पीवाला, मग जेवायला बसल्यावर राडा ठरलेला.

पण हा कोप्पी मुळात होता कोण?

१५ सप्टेंबर १९१९ ला उत्तर इटलीतल्या कास्तेल्लानिया नावाच्या एका छोट्या डोंगरी गावात तो जन्मला. घरची शेती, परिस्थिती बेताची. शाळेत मन रमेना, म्हणून पोराला जवळच्या नोव्ही लिगुरे गावात खाटकाच्या दुकानात कामाला लावलं. सायकलवरून मटण आणि सॉसेज घरोघर पोचवायचं हे त्याचं काम. डोंगरातल्या गावाहून दुकानापर्यंतची ये-जासुद्धा सायकलवरच. त्याचा सराव सुरू झाला तो असा, पोटापाण्यासाठी.

पुढे जहाजावर नोकरी करणाऱ्या काकाने पैसे दिले आणि त्यातून शर्यतीची सायकल आली.

याच नोव्ही लिगुरेमध्ये बियाजियो काव्हान्ना नावाचा एक मालिशवाला होता. डोळ्यांनी पूर्ण आंधळा. पण पोराच्या पायांवरून, पाठीवरून हात फिरवून तो सांगायचा की याच्यात दम आहे की नाही. कोप्पी दिसायला म्हणाल तर काटकुळा, लांब पाय, पुढे आलेली छाती, किंचित बाकदार चाल. चालताना बघितलं तर कोणी पैज लावली नसती. काव्हान्नाने बोटांनी चाचपलं आणि पोराला पदरात घेतलं. शेवटपर्यंत तोच त्याचा गुरू राहिला.

इथे या खेळाची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. रस्त्यावरची सायकल शर्यत वरून बघताना एकेकट्याची वाटते, पण असते टीमची. पुढे चालवणारा वारा अंगावर घेतो, मागच्याला त्याच्या आडोशाने बरीच कमी ताकद लागते. म्हणून प्रत्येक टीममध्ये एक कॅप्टन असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. वारा खातात, पाणी आणून देतात, कॅप्टनचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. इटलीत या राबणाऱ्यांना ग्रेगारियो म्हणतात.

१९४० च्या जिरो द'इटालियात, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, २० वर्षांचा कोप्पी उतरला तो असाच ग्रेगारियो म्हणून. कॅप्टन होता बार्ताली. तोवर दोनदा जिरो आणि एकदा टूर द फ्रान्स जिंकलेला देशाचा लाडका.

पण सुरुवातीलाच बार्तालीच्या वाटेत कुत्रं आडवं आलं आणि तो जोरात आपटला. मागे पडला. तिकडे पाणक्या म्हणून आणलेलं पोरगं डोंगरात सगळ्यांना सोडून निघून गेलं आणि गुलाबी जर्सी, म्हणजे आघाडीवर असणाऱ्याचा मान, घेऊन बसलं. मग उलटंच झालं. कॅप्टनच पोराच्या मदतीला लागला. ९ जूनला कोप्पीने जिरो जिंकली. इतक्या कमी वयात ती जिंकणारा दुसरा अजून झालेला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीने इटलीला दुसऱ्या महायुद्धात ढकललं.

युद्धाने कोप्पीची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याने मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर तासाभरात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. पुढची १४ वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. तरीही त्याला आघाडीवर पाठवलंच. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी त्याला पकडलं आणि जवळपास दोन वर्षं युद्धकैदी म्हणून गेली.

१९४६ च्या मार्चमध्ये मिलान-सान रेमो ही २९० किलोमीटरच्या आसपासची एकदिवसीय शर्यत पुन्हा सुरू झाली. रस्ते फुटलेले, पूल पडलेले, लोकांच्या खिशात दमडी नाही. त्यात कोप्पीने मधल्या डोंगराच्या बोगद्यातून एकट्याने मुसंडी मारली आणि १४ मिनिटांनी जिंकला. दुसरा येईपर्यंत रेडिओवाल्यांना मध्ये गाणी लावावी लागली.

हरलेल्या, उपाशी देशाला त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधायला सायकलिंग कळायची गरज नाही.

इथून पुढे इटली दोन गटांत विभागली. बार्ताली देवभक्त, चर्चचा लाडका, जुन्या वळणाचा. कोप्पी अबोल, खाण्यापिण्यापासून सायकलच्या पार्टपर्यंत नवीन प्रयोग करणारा. उजव्या कॅथलिकांनी बार्तालीला आपलं मानलं, मग डाव्यांनी कोप्पीला उचललं. कोप्पीला स्वतःला राजकारणात काडीचा रस नव्हता, पण फॅन लोकांना तेवढं कुठं चालतं?

(बार्तालीबद्दल एक सांगायलाच हवं. युद्धात सराव करतोय असं भासवून सायकलच्या नळीत खोटी ओळखपत्रं लपवून तो न्यायचा. त्यातून ज्यू लोकांचे जीव वाचले. हयातीत त्याने याचा गाजावाजा केला नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दोघांचं वैर किती टोकाचं? कोप्पी हॉटेल सोडून गेला की बार्ताली त्याच्या खोलीत घुसून कचऱ्याची टोपली तपासायचा. कसल्या बाटल्या, कसल्या गोळ्या, सगळ्याची नोंद. एकदा कोप्पीने घाटात फेकलेली बाटली त्याने शोधून आणली आणि तपासायला दिली. निघालं साधं टॉनिक. बार्तालीने मग तेच टॉनिक स्वतःसाठी मागवलं. हा किस्सा बार्तालीनेच पुढे सांगितलाय.

१९४८ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तर हद्द होती. दोघंही इटलीच्याच जर्सीत, पण एकमेकांवर नजर ठेवण्याच्या नादात कुणीच जोर लावेना. शेवटी दोघांनी शर्यत अर्ध्यात सोडली. फेडरेशनने दोघांनाही निलंबित केलं.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर तेही लपवायला नको. कोप्पी उत्तेजकं घ्यायचा आणि त्याने ते नंतर मान्यही केलं. गरज पडेल तेव्हाच घ्यायचो, पण गरज जवळजवळ नेहमीच पडायची, असा त्याच्या उत्तराचा अर्थ होता. तेव्हा बंदी नव्हती, हे खरं. पण म्हणून त्याला धुतल्या तांदळाचा म्हणता येत नाही.

१९४९ मध्ये त्याने जिरो आणि टूर द फ्रान्स एकाच वर्षात जिंकून दाखवल्या. असं याआधी कुणालाच जमलं नव्हतं. त्या टूरमध्ये सुरुवातीला पडून तो ३६ मिनिटांनी मागे गेला होता, घरी जायला निघाला होता. इटलीच्या टीमचा मॅनेजर आल्फ्रेदो बिंदा याने त्याला समजावून थांबवलं. मग आल्प्समध्ये कोप्पी आणि बार्ताली चक्क जोडीने सगळ्यांना सोडून पुढे गेले. त्या दिवशी बार्तालीचा ३५ वा वाढदिवस होता. कोप्पीने तो टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी मात्र बार्ताली अडखळला आणि कोप्पीने मागे वळून पाहिलं नाही.

१९५१ मध्ये धाकटा भाऊ सेर्से गेला. तोही सायकलपटू, शिवाय फाउस्तोचा सगळ्यात जवळचा माणूस. तुरीनमध्ये शर्यतीच्या शेवटी पडला, उठून हॉटेलवर गेला, सगळ्यांना वाटलं किरकोळ आहे. त्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो वारला. कोप्पीने खेळ सोडायचा विचार केला होता.

सोडला नाही. १९५२ मध्ये पुन्हा जिरो, पुन्हा टूर. आल्प द'ह्युएझ हा घाट टूरमध्ये पहिल्यांदा आला तो याच वर्षी आणि तिथे पहिला पोचणारा कोप्पीच. दुसऱ्याला त्याने तब्बल २८ मिनिटांनी मागे टाकलं. शर्यतीतला रस टिकावा म्हणून आयोजकांना दुसऱ्या नंबरचं बक्षीस वाढवावं लागलं.

याच टूरमधला एक फोटो जगप्रसिद्ध आहे. चढावर कोप्पी आणि बार्ताली पुढे-मागे, दोघांच्या हातात एकच पाण्याची बाटली. कोणी कोणाला दिली? फोटोवरून कळत नाही. इटलीत यावर इतकी वर्षं वाद चालू आहे आणि दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी हार मानलेली नाही.

आता फॅन लोकांच्या प्रेमाची दुसरी बाजू.

एन्रिको लोकातेल्ली नावाचा एक डॉक्टर कोप्पीचा कट्टर चाहता होता. १९४८ मध्ये एका शर्यतीला तो बायकोला, जुलिया ओक्किनीला, सोबत घेऊन गेला. तिने कोप्पीची सही मागितली. ओळख वाढली, पत्रं सुरू झाली. कोप्पीचंही लग्न झालेलं, घरी ब्रुना आणि लहान मुलगी मारिना. १९५४ च्या जिरोत पांढऱ्या कोटातली एक बाई कोप्पीच्या आसपास दिसते, हे पत्रकारांनी हेरलं आणि पेपरात तिचं नावच पडलं पांढऱ्या कोटातली बाई.

त्या काळी इटलीत घटस्फोट नव्हता, तो आला १९७० मध्ये. आणि बायकोचं परपुरुषाशी संबंध ठेवणं हा सरळ फौजदारी गुन्हा होता. नवऱ्यासाठी कायदा बराच सैल. लोकातेल्लीने तक्रार केली. रात्रीचे पोलीस घरात शिरले. जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले, मग दूर आंकोना शहरात राहण्याची सक्ती झाली. कोप्पीचा पासपोर्ट काढून घेतला. १९५५ मध्ये दोघांनाही काही महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली एवढंच. मुलगा झाला तो अर्जेंटिनात, कारण इटलीत कागदोपत्री तो लोकातेल्लीचाच ठरला असता.

ज्यांनी घाटात उभं राहून त्याच्या नावाने घसा फोडला होता, त्यातलेच काहीजण आता त्याच्या तोंडावर शिव्या घालायचे. जिंकणारा माणूस आपला आणि त्याचं खासगी आयुष्यही आपलंच, ही फॅन लोकांची सवय तेव्हापासूनची आहे. जुलियाला तर त्याहून जास्त भोगावं लागलं, आणि तिच्या नावावर जिंकलेली एकही शर्यत नव्हती.

कोप्पी पुढेही सायकल चालवत राहिला. चाळिशी आली, पाय संपले, तरी थांबेना. १९५९ च्या अखेरीस बार्तालीच त्याच्या मदतीला आला. सान पेल्लेग्रिनो या टीमचा मॅनेजर बार्ताली आणि १९६० साठी टीममध्ये कोप्पी, असं ठरलं.

त्याआधी डिसेंबरमध्ये कोप्पी आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासोमध्ये गेला. प्रदर्शनी शर्यत आणि नंतर शिकार असा बेत. सोबत फ्रान्सचा राफाएल जेमिनियानी होता. दोघं एकाच खोलीत झोपायचे. डास भरपूर.

घरी परतल्यावर दोघांनाही ताप भरला. फ्रान्समध्ये जेमिनियानीचं रक्त तपासलं, मलेरिया सापडला, क्विनाइन सुरू झालं, तो वाचला. इटलीत डॉक्टरांनी भलताच संसर्ग धरून उपचार केले. फ्रान्सहून मलेरियाचा निरोप आला होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही, असं सांगतात.

आपल्याकडे पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की गल्लीतला डॉक्टरसुद्धा आधी मलेरियाची टेस्ट लिहून देतो. त्यामुळे हे वाचताना जीव जास्तच तुटतो.

२ जानेवारी १९६० च्या सकाळी तोर्तोनाच्या हॉस्पिटलमध्ये कोप्पी गेला. वय ४०. पाच जिरो, दोन टूर, १९५३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तीन मिलान-सान रेमो, पाच लोम्बार्दिया. पुढे कधीतरी त्याला विष घातल्याची बातमीही उठली, तपासात काही निघालं नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला आपण घाटाचा राजा म्हणतो. जिरोमध्ये १९६५ पासून त्या वर्षीच्या सगळ्यात उंच घाटालाच कोप्पीचं नाव देतात. चिमा कोप्पी, म्हणजे कोप्पीचं शिखर. २०१९ मध्ये त्याच्या गावाने स्वतःचं नाव बदलून कास्तेल्लानिया कोप्पी केलं. तिथे फाउस्तो आणि सेर्से शेजारी शेजारी आहेत.

आणि त्याच खोलीत, त्याच डासांत झोपलेला जेमिनियानी? तो जुलै २०२४ मध्ये गेला, वयाच्या ९९ व्या वर्षी.