हत्तीवर बसून सागाची झाडं मोजणारा जर्मन भारताच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला

गावाबाहेरच्या डोंगरावर राखीव वन लिहिलेली पाटी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. त्या पाटीमागे जो कायदा आहे, तो घडवणाऱ्यांमध्ये एक जर्मन होता. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्या नोकरीत, पण जर्मन.

नाव डिट्रिश ब्रँडिस.

१८२४ साली बॉनमध्ये त्याचा जन्म झाला. वनस्पतिशास्त्र शिकला आणि तिथल्याच विद्यापीठात शिकवू लागला. लग्न केलं ते बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या मुलीशी. तिची बहीण इंग्रज सेनापती हॅवलॉकची बायको. या नात्यातून ब्रँडिसचं नाव लॉर्ड डलहौसीपर्यंत पोहोचलं आणि १८५६ साली गडी थेट ब्रह्मदेशात, पेगूच्या सागवानी जंगलांचा अधिकारी म्हणून हजर. वशिला म्हणा हवं तर.

तेव्हा सगळीकडे लाकडाची ओढ होती. इंग्लंडमधले ओक कमी पडू लागले होते, जहाजांना साग हवा होता. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली होती आणि रुळांच्या एका मैलाला दीड-दोन हजार लाकडी स्लीपर लागायचे. व्यापारी झाडं पाडत सुटले होते. जंगलात मुळात झाडं किती उरलीत, याचा हिशोब मात्र कुणाकडेच नव्हता.

ब्रँडिसने तो मांडायचं ठरवलं. तो हत्तीवर बसायचा, डाव्या हातात चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू. प्रत्येक काठी खोडाच्या एकेका जाडीसाठी. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोनशे फुटांच्या आत साग दिसला की त्या जाडीच्या काठीवर एक खाच. वही धरायला हात मोकळे होतेच कुठे? दिवसाला वीसेक मैल असा प्रवास व्हायचा आणि संध्याकाळी खाचा मोजल्या की वीस मैल लांब पट्ट्यातल्या सागाचा हिशोब तयार.

यातून काय मिळालं? बारकी झाडं किती, तोडण्याजोगी किती, आणि दरवर्षी किती नवी झाडं तोडण्याजोगी होतील, हे सांगता येऊ लागलं. मग तेवढीच तोडायची. व्याज खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. लाकूड व्यापारी अर्थातच चिडले.

तिथल्या करेन लोकांची फिरती शेती होती. ब्रँडिसने त्यांना पिकासोबत सागाची रोपं लावायला लावली. दोन-तीन वर्षांनी शेतकरी पुढच्या जागेवर जायचा आणि मागे सागाचं रान उभं राहायचं. युक्ती झकास, पण ते रान सरकारचं व्हायचं.

१८६४ मध्ये तो भारतातल्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला. पुढच्याच वर्षी पहिला वन कायदा आला, पण तो अपुरा वाटत होता. नव्या कायद्यावरून वाद पेटला. स्काउटवाल्या बेडन-पॉवेल यांचा सावत्र भाऊ बी. एच. बेडन-पॉवेल याच खात्यात होता. त्याचं म्हणणं, जंगल सरकारचं, गावाला मिळतं ती निव्वळ सवलत. मद्रास सरकारचं मत उलट, जंगल गावांचंच. ब्रँडिस मधे उभा. मोक्याची जंगलं सरकारने राखावीत, पण गावांचे वहिवाटीचे हक्क नीट नोंदवावेत आणि गावांना त्यांची स्वतःची जंगलं असावीत, असं त्याला वाटत होतं.

१८७८ च्या कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीनही प्रकार आले. पहिले दोन झपाट्याने वाढले. ग्रामवन बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं.

त्याची झळ आपल्याकडेही बसली. महात्मा फुलेंनी १८८३ साली पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूडमध्ये याच खात्यावर कोरडे ओढलेत. डोंगर आणि गायरानं सरकारी जंगलात गेली, शेतकऱ्याच्या जनावरांनी चरायचं कुठे, ही त्यांची तक्रार होती. ब्रँडिस निवृत्त झाला तोही १८८३ मध्येच. गावाच्या हाती जंगल द्यायला पुढे २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला आणि २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला.

ब्रँडिसचं दुसरं काम मात्र कागदावर राहिलं नाही. वन अधिकारी तेव्हा फ्रान्स आणि जर्मनीत शिकून यायचे. इथल्या पोरांना इथलंच जंगल शिकवावं म्हणून १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा सुरू झाली, आणि तिच्याच पायावर १९०६ मध्ये वन संशोधन संस्था उभी राहिली.

निवृत्तीनंतरही शिकवणं सुटलं नाही. इंग्लंडच्या विद्यार्थ्यांना तो जर्मनीतल्या रानांत हिंडवायचा. सल्ला घ्यायला आलेल्यांत गिफर्ड पिंचोट नावाचा अमेरिकन तरुण होता, तोच पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.

१९०६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, ब्रँडिसचा इंडियन ट्रीज हा जाडजूड ग्रंथ आला. त्यात शास्त्रीय नावांसोबत झाडांची इथली देशी नावंही दिली आहेत. पुढच्याच वर्षी बॉनमध्ये तो वारला.