मॉरिस स्टोक्स : तीन हंगामांची कारकीर्द, बारा वर्षांची झुंज

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग ‘एनबीए’च्या १९५७-५८च्या हंगामाने सिनसिनाटी रॉयल्सचे अव्वल खेळाडू मॉरिस स्टोक्स यांची बहरती कारकीर्द संपवली.

पेनसिल्व्हेनियातील रँकिन येथे १९३३ मध्ये जन्मलेले स्टोक्स पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरले. दुसऱ्या हंगामात १,२५६ रिबाउंडसह त्यांनी लीगचा नवा विक्रम रचला.

१२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिस येथे साखळीतील अखेरच्या सामन्यात कोसळून त्यांचे डोके जमिनीवर आदळले. शुद्धीवर येताच ते पुन्हा खेळले. तीन दिवसांनी डेट्रॉईटमधील बाद फेरीच्या सामन्यानंतर परतीच्या विमानप्रवासात त्यांची प्रकृती गंभीर झाली आणि नंतर सर्वांग लुळे पडले. बुद्धी मात्र शाबूत होती.

उपचारांचा खर्च अवाढव्य होता. अशा वेळी श्वेतवर्णीय सहकारी जॅक ट्वायमन या कृष्णवर्णीय मित्राचे कायदेशीर पालक झाले. त्यांनी कामगार नुकसानभरपाई मिळवून दिली आणि निधीसाठी मदत सामने भरवले.

६ एप्रिल १९७० रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी, स्टोक्स यांचे हृदयविकाराने निधन झाले. २००४ मध्ये त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मरणोत्तर स्थान मिळाले. एनबीएतील सर्वोत्तम सहकाऱ्याचा पुरस्कार आज या दोघांच्या नावे दिला जातो.