नळी सरळ असण्यापेक्षा वेटोळी बरी, हे रंग सोडून दाखवणारे जी. आय. टेलर

वणी तालुक्यात वर्धा नदीच्या एखाद्या वळणावर उभे राहून बघा. बाहेरचा काठ खचत जातो आणि आतल्या बाजूला वाळू साचते. कारण वळताना पाणी नुसतं पुढं जात नाही, आडवंही फिरतं. वरचं वेगवान पाणी बाहेर फेकलं जातं, तळाचं संथ पाणी वाळू घेऊन आत येतं.

केमिकल कारखान्यातल्या वेटोळ्या नळीत बराचसा हाच खेळ चालतो. तो डोळ्यांना दिसेल असा दाखवणाऱ्यांपैकी एक होते ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इंग्राम टेलर.

जन्म ७ मार्च १८८६, लंडन. वडील चित्रकार. आईचे वडील म्हणजे जॉर्ज बूल, ज्यांच्या गणितावर आपला मोबाईल चालतो. आजी मेरी ही शिखरवाल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. (एव्हरेस्ट यांचे साहेब विल्यम लॅम्बटन भारत मोजता मोजता १८२३ मध्ये वारले, ते यवतमाळच्या शेजारच्या हिंगणघाटला.)

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. पुढच्याच वर्षी हिमनगांवर नजर ठेवायला निघालेल्या ‘स्कॉशिया’ जहाजावर टेलर हवामानतज्ज्ञ म्हणून गेले. तिथं पतंग उडवून त्यांनी हवेचे थर एकमेकांत कसे मिसळतात ते मोजलं. मिसळण्याचा हा नाद पुढं सुटलाच नाही.

आता नळीकडे येऊ. सरळ नळीत संथ प्रवाह असेल तर मधला द्रव पळतो, भिंतीलगतचा रेंगाळतो. म्हणजे एकाच नळीतून आलेला काही माल कच्चा, काही जास्त शिजलेला. नळी वळवली की मधला वेगवान द्रव बाहेर ढकलला जातो, कडेचा भिंतीवरून आत परततो आणि दोन उलटसुलट भोवरे तयार होतात. डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७-२८ मध्ये याचं गणित मांडलं.

१९२९ मध्ये टेलर यांनी काचेच्या वेटोळ्या नळीत रंग सोडला. सरळ नळीतला प्रवाह ज्या वेगाला खवळतो, त्याच्या दुपटीहून जास्त वेगातही वेटोळ्यातला रंग शांत राहिला. सी. एम. व्हाइट यांनी नुकताच काढलेला निष्कर्ष खरा ठरला. ढवळायला रवी नाही, मोटर नाही, तरी माल मिसळतोय आणि प्रवाहही खवळत नाही! पंपाला थोडा जास्त जोर लावावा लागतो, एवढंच.

१९५३ मध्ये त्यांनी सरळ नळीतून वाहताना रंग लांबवर कसा पसरत जातो, याचंही गणित दिलं. ते ‘टेलर डिस्पर्शन’ म्हणून रिॲक्टर बनवणारे आजही वापरतात. मधल्या काळात बोटीचा नांगर शोधला, अणुबॉम्बच्या स्फोटाचं गणित केलं, ‘सर’ झाले. २७ जून १९७५ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं.

एक अडचण तेव्हाही उरली होती. ते दोन भोवरे आपापल्या अर्ध्या भागातच फिरतात, एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. १९८४ मध्ये आयआयटी दिल्लीच्या ए. के. सक्सेना आणि के. डी. पी. निगम यांनी त्यावर तोड काढली: काही वेढ्यांनंतर अख्खी गुंडाळीच ९० अंशांत वळवायची.