सर अर्नेस्ट शॅकल्टन

ध्येय गाठणारा नायक थोर खराच. परंतु अनुयायांच्या प्राणांसाठी हाताशी आलेले ध्येय सोडणारा त्याहून विरळा.

शॅकल्टन यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडमध्ये झाला. ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुव सुमारे १८० किलोमीटर उरला असता, शिधा परतीस पुरणार नाही हे ओळखून ते माघारी वळले. सोबतचे तिघेही जिवंत परतले.

१९१५ साली ‘एन्ड्युरन्स’ हे त्यांचे जहाज बर्फात चिरडून बुडाले. अठ्ठावीस माणसे हिमावर निराधार झाली. ओझे कमी करण्यासाठी त्यांनी स्वतःची सुवर्णनाणी टाकली. सहकाऱ्याचे बँजो वाद्य मात्र सर्वांच्या मनाच्या उभारीसाठी राखले. पुढे बावीस जणांना एलिफंट बेटावर ठेवून, पाच सोबत्यांसह लहानशा होडीतून सुमारे १३०० किलोमीटरांचा खवळलेला सागर ओलांडून ते साउथ जॉर्जियास पोहोचले. सुटकेचे तीन प्रयत्न फसले. चौथ्या खेपेस, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, ते बावीसही जण सुखरूप मिळाले. रॉस समुद्राकडील दुसऱ्या तुकडीतील तिघे मात्र दगावले.

१९२२ साली साउथ जॉर्जिया येथेच त्यांचे देहावसान झाले. ध्रुव त्यांना कधीच लाभला नाही. कार्याची धुरा वाहणाऱ्या बांधवांनी एवढे स्मरावे, की संकल्प पुन्हा करता येतो. गमावलेला माणूस परत आणता येत नाही.