जवाहिऱ्याच्या मुलाचा काचेचा छंद

रंगीत काचेचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची, मग ते तुकडे आराखड्यावर शेजारी शेजारी मांडून डाख देऊन सांधायचे! जगभरचे हौशी कलावंत घरच्या टेबलावर बसून स्टेन्ड ग्लासच्या वस्तू घडवितात, त्या बहुतांशी याच रीतीने. अनेक देशांत ही रीत टिफनी पद्धत म्हणूनच ओळखली जाते. वास्तविक तांब्याच्या पट्टीच्या वापराचे पेटंट १८८६ साली बोस्टनच्या सॅनफर्ड ब्रे याने घेतले होते. पण ब्रे विस्मृतीत गेला आणि नाव उरले ते लुईस कम्फर्ट टिफनीचे. ज्याच्या कारखान्यातून हजारो दिवे आणि खिडक्या बाहेर पडल्या, त्या टिफनीचा काचेशी संबंधही प्रथम जडला तो श्रीमंत घरातल्या एका चित्रकार मुलाची हौस म्हणूनच.

लुईसचा जन्म १८ फेब्रुवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील चार्ल्स लुईस टिफनी यांनी १८३७ साली सुरू केलेले दुकान पुढे अमेरिकेतील सर्वांत नामांकित जवाहिऱ्यांची पेढी बनले. थोरल्या मुलाने पेढीवर बसावे, अशी बापाची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मुलाला मात्र हिऱ्यांच्या हिशेबात रस नव्हता. त्याने जॉर्ज इनेस या निसर्गचित्रकाराकडे धडे घेतले, पॅरिस गाठले आणि १८७०च्या सुमारास सॅम्युअल कोलमन या चित्रकार मित्रासह उत्तर आफ्रिकेची वाट धरली. तेथील उन्हाने आणि रंगांनी त्याची दृष्टी कायमची बदलून टाकली. चित्रकार म्हणून तो बरा होता, थोर नव्हता. आणि बहुधा हे त्याच्या लवकरच ध्यानात आले असावे.

युरोपातील मध्ययुगीन कॅथीड्रलांच्या खिडक्या पाहताना त्याला एक प्रश्न छळू लागला. सातशे वर्षांपूर्वीची ती काच अजून जिवंत वाटते आणि नवी काच निर्जीव का दिसते? उत्तर साधे होते. जुन्या कारागिरांच्या काचेत रंग वितळलेल्या रसातच मिसळलेला असे, शिवाय त्या काचेत बुडबुडे, रेषा, जाडीतील चढउतार असत. प्रकाश त्यांत अडखळत, फुटत आत येई. पुढच्या शतकांत काच निर्दोष झाली आणि चित्रकार तिच्यावर कॅनव्हासप्रमाणे रंग फासू लागले. रंगाच्या लेपाने प्रकाशच अडला. तेव्हा रंग काचेवर नव्हे तर काचेत हवा, हा टिफनीचा आग्रह झाला. १८७५च्या सुमारास त्याने ब्रुकलिनच्या भट्ट्यांवर प्रयोग सुरू केले. मुरंब्याच्या स्वस्त बरण्या आणि साध्या बाटल्या त्याला उंची काचेपेक्षा अधिक प्रिय होत्या. कारण त्यांच्यातील अशुद्ध खनिजांमुळे येणारी झाक त्याला हवी होती. जवाहिऱ्याचा मुलगा भंगाराच्या मोलाच्या काचेत रंग शोधत होता!

या प्रयोगांतून दुधी झाकेची, एकाच तावात अनेक रंग मुरलेली काच निघाली. मात्र या वाटेवर तो एकटा नव्हता. जॉन ला फार्ज हा त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठा चित्रकार त्याच काचेच्या मागे होता आणि त्याचे पेटंट १८८०च्या फेब्रुवारीत मंजूर झाले. टिफनीची पेटंटे १८८१ची. आपलीच कल्पना टिफनीने उचलली, ही ला फार्जची भावना शेवटपर्यंत गेली नाही. दोघांचे संबंध कायमचे बिघडले. वादाचा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिला नाही. पण ला फार्जच्या पाठीशी टिफनी घराण्याची तिजोरी नव्हती, एवढे खरे.

टिफनीच्या काचेची खरी गंमत तिच्या जातींत आहे. काच मऊ असतानाच ओढून, दुमडून तिला वस्त्राच्या चुण्या पाडल्या जात. देवदूतांच्या झग्यांची आणि मॅग्नोलियाच्या पाकळ्यांची घडी अशी काचेतच उतरे. काचेचे पातळ रंगीत पापुद्रे पसरून त्यांच्यावर वितळलेला रस ओतला, की दूरच्या झाडांची पालवी तयार होई. हवी ती छटा एका तावात मिळाली नाही, तर मागे आणखी एकदोन थर चढवायचे. ब्रश जवळजवळ हद्दपारच झाला. अपवाद चेहरे, हात आणि पाय यांचा. ते मात्र त्यालाही रंगवूनच घ्यावे लागले.

१८७९ साली कँडेस व्हीलर, कोलमन आणि लॉकवुड डी फॉरेस्ट यांच्यासह त्याने गृहसजावटीचा व्यवसाय थाटला. यातील डी फॉरेस्टचा भारताशी जवळचा संबंध आला. १८८१ साली मगनभाई हाथीसिंग यांच्या सहकार्याने त्याने अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना उभा केला आणि गुजराती सुतारांची कलाकुसर न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत जाऊन बसली. टिफनीला तर १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी थेट व्हाइट हाऊसच सजवायला बोलावले. प्रवेशदालनात त्याने रंगीत काचेचा भव्य पडदा उभारला. वीस वर्षांनी, १९०२ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत झालेल्या नूतनीकरणात तो काढून टाकण्यात आला आणि पुढे लिलावात विकला गेला. तो आज अस्तित्वात नाही.

१८८४ साली पत्नी मेरी हिचे निधन झाले. दोन वर्षांनी त्याने लुईस नॉक्स हिच्याशी विवाह केला. या काळात सजावट हळूहळू मागे पडून काच हाच त्याचा मुख्य उद्योग बनला. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्याने मांडलेल्या चॅपेलने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोरोना भागात स्वतःची भट्टी पेटली आणि तिच्या देखरेखीस इंग्लंडमधील स्टाउरब्रिजचा काचतज्ज्ञ आर्थर नॅश आला. १८९४ मध्ये फावरील या नावाने काचेची व्यापारी मुद्रा नोंदवली गेली. हाताने घडविलेले, अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते नाव घेतले होते. नॅश आपली रासायनिक सूत्रे इतकी जपून ठेवी, की मालकालाही ती पूर्णपणे ठाऊक नव्हती.

मग आले दिवे. विजेचा दिवा घरोघरी पोहोचू लागला होता आणि त्याचा उघडा झगझगाट डोळ्यांना खुपत होता. खिडक्या करताना उरलेल्या असंख्य तुकड्यांचे काय करायचे, हा प्रश्नही होताच. शिशाच्या जड पट्टीने घुमटाकार छत्री जोडणे अवघड. तांब्याच्या लवचिक पट्टीने मात्र नखाएवढा तुकडाही वळणावर बसे. विस्टेरिया या प्रसिद्ध दिव्यात असे जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत.

या दिव्याचा आराखडा टिफनीचा नव्हता. क्लारा ड्रिस्कॉल ही ओहायोची स्त्री त्याच्या काच कापणाऱ्या महिला विभागाची प्रमुख होती. विस्टेरिया तिचा आणि चतुरांच्या पंखांची नक्षी असलेला, १९००च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळविणारा दिवाही तिचाच. कोणता तुकडा तावाच्या कोणत्या भागातून कापायचा, याची निवड तिच्या हाताखालच्या मुली करीत. आणि दिव्याचे सारे सौंदर्य त्या निवडीत होते. पुरुष कारागिरांच्या संघटनेला त्यांचे काम सलू लागले, तेव्हा १९०३ साली तडजोड होऊन विभागातील स्त्रियांची संख्या सत्तावीसवर रोखण्यात आली. टिफनीचा स्वतःचाही एक नियम होता: विवाहित स्त्रीला नोकरी नाही. १९०९ साली क्लाराने पुन्हा लग्न केले आणि ती बाहेर पडली. दिव्यांवर नाव एकट्या टिफनीचे राहिले. स्त्रियांच्या नजरेची आणि हातांची त्याला पारख होती, पुरुषांच्या विरोधानंतरही त्याने विभाग बंद केला नाही. मात्र श्रेयाच्या बाबतीत तो आपल्या काळाच्या पुढे तसूभरही नव्हता.

१९०२ साली वडील गेले आणि मोठी संपत्ती हाती आली. लाँग आयलंडवर ऑयस्टर बे येथे त्याने लॉरेल्टन हॉल हा चौऱ्याऐंशी खोल्यांचा प्रासाद १९०५ पर्यंत बांधून घेतला. १९१४ साली तेथे दिलेल्या मेजवानीत खरे मोर वाढण्यात आले होते. पण वैभवाच्या या शिखरावरच काळ पालटत होता. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आर्मरी शो भरून आधुनिक चित्रकलेने दार ठोठावले होते आणि टिफनीला ती मुळीच रुचली नाही. लोकांना सरळ रेषा आवडू लागल्या. फुलापानांचे दिवे जुनाट, भडक वाटू लागले. १९३२ साली टिफनी स्टुडिओजने दिवाळे काढले. पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९३३ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा टिफनी निवर्तला.

पुढली पंचवीस वर्षे अनास्थेची. दिवे माळ्यावर गेले, कचऱ्यातही गेले. लॉरेल्टन हॉलमधील वस्तूंचा १९४६ साली लिलाव झाला आणि १९५७ मध्ये रिकामा प्रासाद आगीत सापडला. ह्यू मॅकीन हा चित्रकार तरुणपणी तेथे विद्यार्थी म्हणून राहिला होता. काही खिडक्या अजून शाबूत असल्याचे टिफनीच्या मुलीने कळविताच तो आणि त्याची पत्नी जेनेट तेथे पोहोचले आणि राखेतून वाचले तेवढे सारे त्यांनी विकत घेतले. फ्लोरिडातील विंटर पार्कच्या मोर्स संग्रहालयात शिकागोचे ते चॅपेल १९९९ साली पुन्हा उभे राहिले. तोवर बाजारही फिरला होता. १९९७ साली टिफनीचा कमळाचा एक दिवा लिलावात अठ्ठावीस लाख डॉलरना गेला होता.

क्लाराने घरच्यांना लिहिलेली शेकडो पत्रे मात्र ओहायोत आणि क्वीन्समध्ये दप्तरांत पडून होती. ती अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ साली न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने प्रदर्शन भरविले. विस्टेरियाखालच्या पाटीवर तिचे नाव आले, ते दिवा प्रथम उजळल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.