छावणीतल्या बायामुलांची कैवारी

एमिली हॉबहाऊस ह्यांचा जन्म १८६० साली इंग्लंडमध्ये एका अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी झाला. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याने दक्षिण आफ्रिकेतील शेतघरे जाळून बायामुलांना छावण्यांत डांबले. जानेवारी १९०१ मध्ये एमिलीबाई ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेल्या. तेथे पाणी, साबण, पुरेसे अन्न नव्हते. मुले रोगांनी मरत होती. त्यांनी अहवाल लिहून आपल्याच सरकारला जाब विचारला. देशद्रोही म्हणून त्यांची हेटाळणी झाली, ऑक्टोबरमध्ये केपटाउनहून त्यांना सक्तीने परत पाठवले. पण सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, छावण्या सुधारल्या. तरीही सुमारे २६,००० बोअर बायामुले दगावली. कृष्णवर्णीयांच्या छावण्यांतही हजारो गेले. १९२६ मध्ये त्या वारल्या. त्यांची रक्षा ब्लूमफाँटेनच्या स्मारकात आहे. शत्रूच्या मुलासाठी आपल्या माणसांना जाब विचारण्याचे धैर्य आम्हांलाही लाभो.