काट्याभोवती जमलेल्या पेशी

सिसिली बेटावरील मेसिना या बंदराच्या गावी, १८८२ च्या डिसेंबर महिन्यात, एका घरातील मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली होती. घरी मागे राहिलेले सदतीस वर्षांचे गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या अळ्या न्याहाळत होते. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. या भटक्या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील, अशी शंका त्यांच्या मनात आली. तसे असेल तर अंगात शिरलेल्या परक्या वस्तूकडे त्यांनी धाव घ्यायला हवी. नाताळानिमित्त मुलांसाठी संत्र्याचे एक झाड नुकतेच सजवले होते, त्याच बागेतून त्यांनी गुलाबाचे काही काटे आणले आणि ते अळ्यांच्या त्वचेखाली टोचले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले, तेव्हा प्रत्येक काट्याला पेशींनी वेढा घातला होता.

पुढे स्वतः इल्या मेचनिकॉफ यांनी सांगितलेली ही हकीकत. रोगप्रतिकारशास्त्राच्या इतिहासात ती अजरामर झाली. मात्र त्या पहाटे उभा राहिलेला एक प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. काट्यापाशी या पेशींना बोलावले कोणी?

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव्हजवळच्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या, खेड्यात झाला. वडील झारच्या रक्षकदलातील अधिकारी होते. मुलगा लहानपणापासून इतका चंचल की घरात त्याला पारा म्हणत. खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. पुढे जर्मनी आणि इटलीत राहून त्यांनी समुद्री जीवांच्या गर्भवाढीचा अभ्यास केला. अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांच्यासह केलेल्या कामाबद्दल १८६७ मध्ये त्यांना कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

बुद्धीचे असे यश लाभत असताना संसाराने मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. पहिली पत्नी ल्युडमिला हिला विवाहाच्या वेळीच क्षयाने इतके ग्रासले होते की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला वाचवण्यासाठी त्यांनी हवापालट, औषधोपचार, कर्ज, सारे काही केले. अखेर १८७३ मध्ये मादेरा बेटावर तिचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी ओल्गा यांनी लिहिलेल्या चरित्रात या काळातील एक प्रसंग येतो. जिनिव्हातील पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे अल्पायुषी कीटक पाहताना, इतक्या थोड्या आयुष्यात यांच्यावर निसर्गनिवडीचा नियम कसा चालत असेल, हा प्रश्न त्यांना पडला आणि मन पुन्हा शास्त्राकडे वळले.

ओल्गा यांच्याशी त्यांचा विवाह १८७५ मध्ये झाला. त्याही १८८० मध्ये विषमज्वराने मरणाच्या दारी पोहोचल्या. त्यातच ओडेसा विद्यापीठातील राजकीय दडपण असह्य होत होते. पुन्हा निराशेने घेरलेल्या मेचनिकॉफ यांनी १८८१ मध्ये उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो का, हे कळावे आणि जगणेही संपावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. गंभीर आजारातून ते बरे झाले, आणि जगण्याची ओढ प्रथमच तीव्रतेने जाणवू लागली. पुढच्याच वर्षी प्राध्यापकपद सोडून ते सहकुटुंब मेसिनाला गेले. काट्याचा प्रयोग झाला तो तिथे.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची वैद्यकीय समजूत ध्यानात घ्यावी लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन काळापासून ठाऊक होती. ज्युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये दाखवले होते की दाहाच्या जागी पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतात. त्यामुळे दाह हा मुळात रक्तवाहिन्यांचा बिघाड आहे, असे मानले जाई. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत, तेव्हा या पेशीच जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असा अर्थ अनेक जण लावीत. तारामाशाच्या अळीत मात्र रक्तवाहिन्याच नसतात. तरीही पेशी काट्याभोवती जमल्या. म्हणजे दाहाचे मूळ पेशींच्या हालचालीत आहे आणि ही हालचाल बचावासाठी आहे, असा निष्कर्ष प्राणिशास्त्रज्ञ असलेल्या मेचनिकॉफ यांनी काढला. ते वैद्य नव्हते, हे इथे त्यांच्या पथ्यावर पडले.

व्हिएन्नातील कार्ल क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक भाषेतून फॅगोसाइट, म्हणजे भक्षकपेशी, हे नाव मिळाले. पाणपिशीच्या अंगात शिरलेल्या बुरशीच्या टोकदार बीजाणूंना या पेशी कशा गिळतात, हे त्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगे, हरल्या तर मरे.

पॅथॉलॉजीचे थोर आचार्य रुडॉल्फ व्हिर्खो यांनी त्यांना मेसिनातच उत्तेजन दिले होते. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी मात्र थंडे स्वागत केले. ओडेसातील जीवाणुशास्त्र संस्थेचे काम विरोधामुळे अवघड झाले, तेव्हा १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले. ओडेसातील त्यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन हेही पाठोपाठ या संस्थेत आले आणि ग्रंथपालाचे काम करता करता कॉलऱ्याच्या लशीपर्यंत पोहोचले. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट १९२५ पासून त्यांचे नाव मिरवते. तिच्या गुरुपरंपरेत मेचनिकॉफ आहेत, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

पाश्चर संस्थेत १८९१ मध्ये त्यांनी दाहावर व्याख्यानमाला दिली आणि ती १८९२ मध्ये ग्रंथरूपाने आली. एकपेशीय अमिबापासून सस्तन प्राण्यांपर्यंत दाहाची उत्क्रांती त्यात मांडलेली आहे. मात्र वारे उलट दिशेने वाहत होते. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले होते की पेशीविरहित रक्तद्रवही घटसर्प आणि धनुर्वाताचे विष निष्प्रभ करतो. जर्मन पक्षाचा भर रक्तद्रवावर, तर मेचनिकॉफ यांचा पेशींवर. हा वाद दोन दशके चालला. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्यूल बोर्दे यांनी रक्तद्रवाची जंतुनाशक शक्ती उलगडून दाखवली. रक्तद्रवातील घटकांचा लेप बसला की भक्षकपेशी जंतूंना अधिक सहज गिळतात, हे लंडनमध्ये अल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये मांडले. दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरले. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तद्रव पक्षाचे पॉल एर्लिश यांना विभागून देण्यात आले.

दाहाला उपकारक मानणाऱ्या या संशोधकाला त्याची दुसरी बाजू दिसत नव्हती, असे नाही. निसर्गाची ही रक्षणव्यवस्था परिपूर्ण नाही, ती कधी अपुरी पडते तर कधी यजमानालाच इजा करते, हे त्यांनी नोंदवून ठेवले होते. उतारवयात तर त्यांनी भक्षकपेशींवरच आरोप ठेवला. केसांतील रंगद्रव्य आणि मेंदूतील पेशी त्याच खातात आणि म्हातारपण आणतात, असे त्यांना वाटे. आतड्यातील जंतूंचे विष रोखण्यासाठी ते आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार करीत आणि स्वतःही नेमाने ते घेत. हे सिद्धान्त त्यांनी मांडले त्या रूपात टिकले नाहीत. जुलै १९१६ मध्ये, महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

काट्याचा प्रश्न मात्र मागे उरला. जंतूंना ओळखणारे ग्राहक रेणू पेशींच्या पृष्ठभागावर असतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. त्यातील कामाबद्दल ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण जंतू नसतानाही, नुसत्या मुक्या माराने किंवा भाजण्याने, दाह होतो. पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये मांडले की प्रतिकारयंत्रणा केवळ परक्याला ओळखत नाही, ती धोक्याला प्रतिसाद देते आणि इजा झालेल्या पेशीच तो इशारा देतात.

अशा इशाऱ्यांपैकी एक म्हणजे एचएमजीबी-१ हे प्रथिन. १९७३ मध्ये सापडलेल्या केंद्रकातील प्रथिनांच्या गटात ते मोडते. निरोगी पेशीत ते केंद्रकात राहून डीएनएला वाकवण्याचे, घडी घालण्याचे काम करते. घरातला हा कामकरी अंगणात दिसला की समजावे, घर फुटले. पेशी इजेने फुटून मेली की हे प्रथिन बाहेर सांडते, मात्र ती नियोजित रीतीने मेली तर ते आतच बांधलेले राहते, हे मार्को बियांकी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. बाहेर पडलेले प्रथिन भक्षकपेशींच्या ग्राहकांना चिकटते आणि त्या दाहजनक रसायने सोडू लागतात.

इशारा वेळेत थांबला तर जखम भरून येते. तो थांबला नाही, तर चक्र सुरू होते, कारण चेतवलेल्या भक्षकपेशी स्वतःच हे प्रथिन बाहेर टाकतात. केविन ट्रेसी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये उंदरांत दाखवले की जंतुविषाने येणाऱ्या मृत्यूमागे उशिरा वाढणाऱ्या या प्रथिनाचा हात असतो आणि त्याला रोखणारी प्रतिपिंडे उंदरांना वाचवू शकतात. आमवाताच्या रुग्णांच्या सुजलेल्या सांध्यांतील द्रवातही त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. सांध्यात काटा रुतलेला नसतो, तरी पेशी जमतच राहतात आणि हाडांची झीज होते.

दाहाला सरसकट दाबून टाकणे म्हणूनच धोक्याचे ठरते. रक्षकांना नि:शस्त्र केले तर जंतूंना रान मोकळे मिळते. हाक ओळखावी आणि ती गरजेपुरतीच राहील असे पाहावे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग. संशोधक आज तोच शोधत आहेत. दाह हा शत्रू नव्हे, शरीराचे काम आहे, ही दृष्टी मात्र मेसिनातील त्या पहाटेची. दोनदा मरणाच्या उंबरठ्यावरून परतलेल्या एका माणसाने ती जगाला दिली.